हार नसलेला शेवट

धुळ्याच्या स्टँडवर साक्रीच्या गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर मायलेक बोलत होते.

"माय, उद्या गाणाना व्हिडिओ काढसूत, तं ही हिरवी साडी नको. ठिगळनं लुगडं नेस."

"ते मी कधयनंच फेकी दिधं. घरमा गॅस शे, पंखा शे. जगले भिकारीन दिसू का मी?"

"भिकारीन नही व. मायना गाणामा माय अशीच ऱ्हास. चूल फुकस, धूर व्हस, डोयामा पानी येस. बठ्ठं हळूहळू दखाडतस. मंग लोके रडतस."

"आनि शेवटले?"

"शेवटले काय..."

"सांग ना, भटू."

"पोऱ्या सुरतथाईन घर येस. भितवर मायना फोटो ऱ्हास. फोटोले हार."

"मना फोटोले?"

"तुना नही! तुना फोटोले हार चढावाले मना हात उठाव नही. दुसरी कोन्ही बाईना लावसू. नेटवर भेटस."

"ती बी कोन्ही तरी माय व्हई ना, रे."

साक्रीची गाडी लागली, तरी मी उठलो नाही.

"माय, हार काढी टाकसूत. पोऱ्या घर येस, तं माय जित्ती शे. मंग ती काय करी?"

"काय करी? हिरवी साडी नेसीसन दारमा उभी ऱ्हाई. म्हनी, हातपाय धू, जेवाले बस."

"इतलंच? मंग लोके कशे रडतीन?"

"मंग तू काबर डोया पुसी ऱ्हायना?"