डिकीत मावणारा बोर्ड

...नाही, पण मला सांगा, माणूस दुकानात वस्तू घ्यायला गेला की ती घरी कशी न्यायची याचा विचार करणार की नाही? करणार ना? मग माझं काय चुकलं? चुकलं! तुम्हाला सांगतो, साफ चुकलं! आतून नुसतं खातंय, म्हणून तर तुम्हाला धरून बसवलंय... उठू नका हो, बस यायला अवकाश आहे!

झालं असं, बायको निवृत्त झाली आणि म्हणाली, "अहो, मला लाटांवर उभं राहायचंय." जन्मभर बँकेच्या काउंटरमागे बसलेली बाई... हौस असते हो! मी ऐटीत म्हटलं, सर्फिंगचा बोर्ड माझ्याकडून. गेलो दुकानात. तिथल्या बाई किती शांतपणे समजावत होत्या, "नवीनच शिकणार ना? मग लांब घ्या, रुंद घ्या, जाड घ्या. हा फोमचा बघा. पाण्यावर डुगडुगत नाही, आपटला तरी लागत नाही." सगळं ऐकलं हो मी, मानसुद्धा डोलावली! पण बोर्ड बघतो तर हा एवढा, दरवाजाएवढा! म्हणजे टपावर चढवा, दोऱ्या आवळा, गाडीच्या नव्या रंगावर ओरखडे... आणि शेजारीच भिंतीला टेकून उभा होता हा, बुटका, टोकदार, निळा. "हा कसाय?" तर बाई म्हणाल्या, "तो मुरलेल्यांचा. नवीन माणसाला नुसता पाडेल." म्हटलं, पाडेल तेव्हा पाडेल... डिकीत मावतो ना!

घरी बायकोनं विचारलं, "मला झेपेल ना हा?" आणि माझ्या जिभेला काही हाड? म्हणालो, "अगं, दुकानातल्या बाईंनीच निवडलाय, खास तुझ्यासाठी!"

मग काय... चढली की धप्प! चढली की धप्प! मी किनाऱ्यावर टॉवेल घेऊन उभा. "अहो, माझं वजनच जास्त आहे," म्हणून रात्रीचं जेवण सोडलं! "अहो, मला तोलच नाही," म्हणून एका पायावर उभी राहून भाजी चिरायला लागली! गुडघे काळेनिळे, आणि मलम लावतंय कोण? मी! तर म्हणते कशी, "किती करता हो तुम्ही माझ्यासाठी." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला! सांगणारच होतो, तोंड उघडलंही होतं... बाहेर काय पडलं? "पण डिकीत छान मावतो, नाही?"

शेवटी एक दिवस ती वाळूत बसकण मारून म्हणाली, "विकून टाका हा. मला नाही जमायचं." इतकी वर्षं काउंटरवर लोकांची बोलणी खाल्ली, पण असा चेहरा कधी पडला नव्हता तिचा. तेवढ्यात तिथला शिकवणारा मास्तर आला, "काकू, हा बोर्ड कुठल्या गाढवानं दिला तुम्हाला?" तशी उसळली, "गाढव कुणाला म्हणता? आमच्या ह्यांनी चौकशी करून आणलाय!" माझ्या बाजूनं भांडतेय हो! मी टॉवेलात तोंड लपवलं. मास्तरनं आपला फोमचा दरवाजा तिच्या पुढ्यात टाकला. ती गेली... पालथी पडली... लाट आली... आणि उभी! "अहो, बघा! अहो!" माझे डोळेच भरून आले.

पण बाहेर आली ती तणतणतच. "त्या दुकानवालीनं तुम्हाला टोपी घातली! भोळे सांब आहात अगदी. चला, तिची चांगली हजेरी घेते!" आता? त्या बिचाऱ्या बाईंनी काय केलंय? दुकानाच्या दारात सगळं ओकलो. एका दमात, डिकीसकट.

ओरडली का? नाही! ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे आत गेली, "लांब, रुंद, जाड" म्हणाली, बाहेर आली, गाडीतल्या सीट आडव्या केल्या आणि पुढच्या काचेपासून डिकीपर्यंत तो दरवाजा घातला. मी विचारलं, "मी कुठे बसू गं?" गाडी सुरू करत म्हणाली, "तुमचं तुम्ही मोजून बघा." आणि हा निळा माझ्या हातात!

तेव्हापासून दर रविवारी ती गाडीनं आणि मी असा, ह्याला काखोटीला मारून... आली, आली बघा बस! जरा सरकून घ्या हं. माझं काय, मी लटकेन दाराला... पण हा मावतो!