समासातले अक्षर

चहा निवण्याआधी एक अपराध कबूल करतो. सत्तर सालच्या सुमारास माझी कलकत्त्यास बदली झाली होती. कुटुंब पुण्यास आणि मी बालीगंजला एकटा. तिथल्या मराठी मंडळींच्या वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असे. त्यात अमर भावंडांची आणि दैत्यांची एक प्रेमकथामाला होती. असले वाङ्मय मन शिथिल करते, असे माझे मत होते आणि आजही आहे. तरीही सायंप्रार्थना आटोपली की मी तेच वाचत असे, आणि मला ते फार आवडे.

माझ्याआधी कोणीतरी समासात पेन्सिलीने लिहून ठेवी. धाकटी बहीण दैत्याला झिडकारते, तेथे लिहिले होते, 'अगं, मागे वळून बघ तरी, रडतोय तो!' त्या खोलीत मी एकटाच मोठ्याने हसलो.

पण नियम तो नियम. खिदिरपूरच्या वैद्यकाकू आल्या, तेव्हा मी तिसरा भाग उघडून त्यांच्यापुढे धरला.

"काकू, हे अक्षर आपले?"

"माझंच हो. सून बंगाली, नातवंडं बंगालीच बोलतात. मराठीत बोलू कुणाशी? म्हणून पुस्तकाशी बोलते."

"ग्रंथ विद्रूप करणे योग्य नव्हे."

"चुकलं, भाऊसाहेब."

चौथा भाग त्यांच्याकडून स्वच्छ परत आला. मी तो अखेरपर्यंत वाचला. भावांनी दैत्याला मारले, बहीण मात्र अमर उरली. समास कोरा होता.

पुढच्या रविवारी पाचव्या भागाबरोबर चौथाही मी पुन्हा काकूंच्या हाती दिला. त्याच्या शेवटच्या पानावर, पेन्सिलीने, माझ्या अक्षरात लिहिले होते: 'काकू, त्याला मारायला नको होते.'