मगदूम ड्रायव्हरचं मधलं कार्ड

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो, आणि उत्तराची घाई करू नका — विशेषतः पुढच्या रांगेतल्यांनी, तुम्हाला फार घाई असते! प्रश्न असा, की देवानं दिलेलं आपल्याला कमी पडतं, हे आपण ठरवतो कशावरून? नीट वापरून बघून? की शेजाऱ्याकडं बघून? हसू नका! पेटीवाले, तुम्ही तर मुळीच हसू नका. नवी पेटी घेतलीत, सूर मात्र जुनाच लागतोय!

तर आमच्या गावात दोन मित्र. एक आनंदा मगदूम, एसटीचा ड्रायव्हर. दुसरा दत्तू होगाडे, त्याच गाडीवरचा कंडक्टर. गगनबावड्याचा घाट दोघांनी इतका तुडवला, की घाटातली माकडंसुद्धा यांना ओळखायची! दोघं पाठोपाठ रिटायर झाले. घरं शेजारी शेजारी, मध्ये एक भिंत.

आता रिटायर झालेला ड्रायव्हर काय चालवतो? बायकोला चालवायला बघतो! स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायचं आणि हिराबाईंना सांगायचं, "गॅस दुसऱ्या गिअरवर घे!" ती माउली कंटाळली. पुण्याच्या मुलाला तिनं फोन केला, "बाळा, तुझ्या बापाला काहीतरी चालवायला दे, न्हाईतर मी चालले माहेरी!"

मुलगा शहाणा. त्यानं आपला जुना कॉम्प्युटर पाठवला, सोबत खेळण्यातलं स्टिअरिंग पाठवलं. त्यात बस चालवायचा खेळ. आणि मंडळी, कुणा गुणी माणसानं त्यात असा घाट उतरवलाय म्हणता — धुकं, दरी, वळणं, सगळं! मगदूम बसला, गाडी काढली... आणि पहिल्याच वळणावर चित्र अडकलं. पुन्हा निघालं, पुन्हा अडकलं! मुलगा फोनवर म्हणाला, "आबा, ग्राफिक्स कार्ड लागेल."

म्हणजे काय? आजीबाई, घाबरू नका, सोपं आहे! कॉम्प्युटरच्या डब्यात एक चित्रकार बसवायचा. पडद्यावरचं चित्र तो भराभर काढून देतो. तो नसला की सगळं काम एकट्या डब्यावर पडतं, आणि तो डबा धापा टाकतो!

दोघं मित्र कोल्हापूरला पोतनीसांच्या दुकानात गेले. मगदूम दारातूनच ओरडला, "सगळ्यात मोठं दाखवा!" पोतनीसांनी दाखवलं — तीन पंख्यांचं, हातभर लांब! मगदूमचे डोळे विस्फारले. मागून होगाडेनं विचारलं, "आनंदा, कुठं जायाचं हाय?"

"म्हंजे?"

"जन्मभर हेच इचारत आलोय. गगनबावड्याला उतरणाऱ्यानं मुंबईचं तिकीट काढायचं व्हय? तुझा पडदा केवढा? खेळ कुठला? तेवढं सांग, मग कार्ड घे."

पोतनीससुद्धा भला माणूस. म्हणाले, "हे खरं बोलतायत. तुमचा पडदा साधा फुल एचडी. हे मोठं कार्ड तुमच्या डब्यात मावणारच नाही. मग डबा बदला, त्याला वीज पुरत नाही म्हणून पॉवर सप्लाय बदला. त्यापेक्षा मधलं घ्या, दोन पंख्यांचं. तुमच्या पडद्याला पुरून उरेल!"

घेतलं. पोतनीसांनी घरी येऊन बसवलं, होगाडेनं मागं उजेडाला बॅटरी धरली. आणि काय सांगू मंडळी — गाडी लोण्यासारखी! होगाडे मागच्या स्टुलावर बसायचा, दोन वेळा बेल मारायचा, आणि मगच मगदूम गाडी हलवायचा. दोन म्हातारे खोलीत बसून घाट चढायचे हो! हिराबाई निवांत भाजी करायच्या.

असं छान चाललं होतं, आणि आला दसरा!

आपण दसऱ्याला काय पुजत नाही सांगा? विळी पुजतो, स्कूटर पुजतो, मिक्सर पुजतो! मग मगदूमनं गाडी पुजायला नको? त्यानं सगळ्या वायरी काढल्या, डबा उचलला, पाटावर ठेवला. हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. मग माळ काढून डबा जागेवर ठेवला, वायरी परत जोडल्या, आणि अख्ख्या गल्लीला बोलावलं — या, माझा घाट बघा!

गल्ली जमली. होगाडेनं बेल मारली. गाडी निघाली... आणि पहिल्याच वळणावर अडकली! पोरंसोरं खिदळायला लागली. मगदूम लालबुंद! गर्रकन वळला आणि चारचौघांत होगाडेला म्हणाला, "ह्या दळभद्र्यानं मधलं घ्यायला लावलं! जन्मभर सुटे पैसे मोजून ह्याचं काळीजच चिल्लर झालंय!"

होगाडे स्टुलावरून उठला. चपला घातल्या आणि गेला.

मंडळी, मला इथं त्या मगदूमचा राग येतो! अरे, ज्यानं आयुष्यभर तुझी पाठ सांभाळली, त्याला गल्लीसमोर बोललास? कशावरून? एका चित्राच्या अडकण्यावरून?

पण मगदूमनं पोतनीसांना फोन केला, "मोठं कार्ड आणा, डबा आणा, जे लागतं ते सगळं आणा!" येत्या रविवारी सगळं येणार. तोवर बेल कोण मारणार? बेलशिवाय गाडी हलवायची सवय नाही! त्यानं हिराबाईंना स्टुलावर बसवलं, हातात देवघरातली घंटा दिली.

आता त्या बाईला काय माहीत? तिनं वाजवली एकदा. ठण्ण! मगदूमनं करकचून ब्रेक मारला. "अगं, एक बेल म्हंजे थांबा!" तिनं पुन्हा वाजवली, या वेळी चार! चार म्हणजे काय? आरती! आणि भिंतीपलीकडं होगाडे पलंगावर तळमळतोय, "भर घाटात एक बेल! अगं बाई, गाडी जाईल दरीत!" दोन दिवस त्यानं कसेबसे काढले, तिसऱ्या दिवशी त्याला राहवेना. ताडताड आला, मगदूमकडं बघितलंसुद्धा नाही. "वहिनी, द्या हिकडं!" म्हणाला, आणि स्टुलावर बसला.

दोन वेळा बेल मारली. गाडी अडकत अडकत वर चढली. वळणावर समोरून आला ट्रक. रस्ता अरुंद, गाडी मागं घ्यायला हवी. मगदूमनं रिव्हर्स टाकला. आणि होगाडे काय करतो? उठला, आणि सरळ टेबलाच्या मागं गेला! सवय हो! गाडी मागं घेताना कंडक्टरनं उतरून मागं बघायचं असतं! कॉम्प्युटरच्या पाठीमागं उभा राहून हा हात हलवतोय, "येऊ दे... येऊ दे... थांब!"

"काय झालं? दरी आली?"

"दरी न्हवं. पोतनीसनं पडद्याची वायर खालच्या खाचेत घातली हुती, कार्डाच्या. मी बॅटरी धरलेली. तू वरच्या खाचेत घातलीयास, डब्याच्या!"

कळलं का मंडळी? चित्रकार आत बसलेला होता, पण पडदा त्याला जोडलेलाच नव्हता! दसऱ्यापासून त्या बिचाऱ्या कार्डानं एक रेघ मारली नव्हती, आणि मगदूम त्यालाच शिव्या घालत होता!

वायर बदलली. धुकं हललं, गाडी लोण्यासारखी निघाली. पण मगदूमचं घाटाकडं लक्षच नव्हतं. त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, "दत्तू, चुकलं रे माझं."

होगाडे म्हणाला, "मला काय सांगतोस? बोललास गल्लीसमोर, तर सांग की गल्लीसमोर!"

मगदूम उठला. दारापुढच्या ओट्यावर गेला. दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "ऐका रे! कार्ड झकास हाय! ड्रायव्हर गाढव हाय!"

आता तुमच्याकडं वळतो! तुम्हाला देवानं काय दिलंय? बहुतेकांना मधलंच — मधली बुद्धी, मधला संसार, मधला आवाज. त्यात घाट चढून जाण्याइतकं बळ आहे, पण मन जोडलंय भलतीकडं, आणि रोज देवापुढं तक्रार, की मोठं दे! ते एक असो. ती वायर आज ना उद्या तुम्ही शोधाल. पण या भानगडीत चारचौघांत कुणाला बोलला असाल, त्याचं काय? तो माणूस याच गावात आहे. कदाचित भिंतीपलीकडंच आहे.

आरतीला अजून वेळ आहे मंडळी. ज्याला कुणाच्या दारात जायचंय, त्यानं आत्ता उठलं तरी चालेल. देव थांबेल. दुखावलेला माणूस किती थांबेल, ते मला सांगता येणार नाही.