माणशी सव्वा मूठ

धुळ्याच्या स्टँडवर अमळनेरची गाडी अजून लागायची होती. साठीतला प्रेमराज बाकावर एकटाच बसला होता. पाठीमागच्या बाकावर म्हातारे बहीण-भाऊ कानबाईच्या रोटांवरून भांडत होते. देवीच्या या जाड गोड पोळ्यांना घरातल्या माणशी सव्वा मूठ गहू मोजून दळतात; रोट संपेपर्यंत घरात तेच खातात आणि घराबाहेरच्याला देत नाहीत.

“दोन पोऱ्यासनं लगीन? कोर्टनीबी नही सांगं, कमल. लगीन म्हनजे नवरा-नवरी, अग्नीना फेरा. धरमबी तेच सांगस.”

“मी लगीन कोठे मांगस, आबा? मी सव्वा मूठ गहू मांगस. अकरा वरीस मन्हा दीपकसंगे ऱ्हास तुषार.”

“परकाना नावना गहू देवीले चालावत नही.”

“दीपकना बापले खांदा देवाले उना, तव्हय परका नव्हता?”

“खांदानी गोट येगळी.”

“कशी येगळी?”

 आबांनी मागे वळून प्रेमराजला हाक मारली.

“ओ भाऊ, तुम्हीच सांगा. तुमना घर रोट ऱ्हातस ना?”

“व्हायचे.”

“घरमा कितला जन?”

“दोघं होतो. मी आणि वसंता.”

“वसंता म्हनजे भाऊ?”

“लोकांना तसंच सांगायचो.”

“मंग गहू दोन्हीसना मोजेत ना?”

“एकाचेच. देवीशी खोटं बोलवेना. तीस वर्षं.”

कमलबाईनं हळूच विचारलं, “अन् रोटना दिन तो काय खाये?”

“रोट संपेपर्यंत तो धरणगावला लॉजवर राहायचा, अक्का.”