सांध्यावरची पितळी टोपी

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या कारखान्याचे मालक. व्यासपीठावर आलेल्या दवाखान्याच्या मेट्रनबाई. आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते फोरमनकाका, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या काकू, आणि समोर जमलेल्या सर्व मंडळींनो,

आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे सभेत कसं बोलायचं, हे घरी विचारायची सोय नव्हती. आई एवढंच म्हणाली, "खरं बोल आणि लवकर खाली बस." प्रयत्न करते.

काकांचा यंत्रांवर जीव किती? दर शनिवारी तेलाची झारी घेऊन ते स्वतः फिरणार आणि जे हलतं त्याला तेल देणार. टर्नरदादा म्हणतात, काकांसमोर जांभई द्यायची सोय नाही, जबड्यातही दोन थेंब सोडतील! हसू नका काकू, खरंच म्हणतात.

मोटारी आपल्याकडे नव्यानेच येऊ लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. आपल्या कारखान्याने दवाखान्याला दिलेली मोटार खड्ड्यातून गेली की पुढे कितीतरी वेळ उड्या मारत राहायची. डॉक्टर म्हणाले, "धडधाकट माणूस बसवला, तरी रोगी होऊन उतरतो! आता एकदाची दुरुस्त करा, नाहीतर मोटार परत न्या. आम्ही पुन्हा डोलीतून माणसं आणू." डोलीला किती वेळ लागायचा, हे इथे कुणाला सांगायला हवं?

आम्ही स्प्रिंगा बदलल्या. शॉकअॅब्सॉर्बरच्या म्हणजे धक्के जिरवणाऱ्या सांध्याच्या चामड्याच्या चकत्या बदलल्या. मोटार चार दिवस शहाण्यासारखी चालायची, पुन्हा उड्या! शेवटी काकांनी तो सांधा उघडला आणि चकती माझ्याकडे दिली, कारण सुट्या भागांचे नकाशे काढायचं काम माझं. मी ती कागदावर ठेवली, तर खाली तेलाचं गोल कडं उमटलं. उड्या थांबतात त्या या चकत्या एकमेकींवर घासून. तेलकट झाल्या तर घासणार कशा? मी घाबरत विचारलं, "काका, ही कोरडी हवी ना?"

"हवीच! इथे तेल घालतं कोण?" काका कडाडले.

सगळा कारखाना छताकडे बघू लागला.

"अरे, तोंडं शिवलीत का तुमची? कोण घालतं?"

टर्नरदादा हळूच म्हणाले, "काका, ज्याच्या हातात झारी आहे तो."

काकांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मला वाटलं, गेली माझी नोकरी. आणि काका जे हसू लागले, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! तसेच उठून दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना म्हणाले, "चूक माझी आहे, मोटारीची नाही." मग त्यांनी सांध्यावर पितळी टोपी बसवली. म्हणाले, "आता माझ्यासारखा मायाळू माणूस आला, तरी तेल आत जायचं नाही." मी बरोबर सांगते आहे ना काका?

चाचणीला काकूंनाच बसवायचं ठरलं. काकू म्हणाल्या, "ह्यांच्या संसारात बसले ते धक्के काय कमी झाले?" तरी बसल्या. उतरताना म्हणाल्या, "संसारालाही एक टोपी करून द्या."

त्यानंतर मोटारीतून पहिली नेली ती माझी वहिनी. दिवस भरत आले होते, अंगावर सूज, आणि रस्ता तोच, सगळा दगडगोट्यांचा. मी पुढे बसले होते. मागे वळून बघायचा धीर होत नव्हता. दवाखान्याच्या दारात याच मेट्रनबाईंनी मागचं दार उघडलं. मी रडवेली होऊन विचारलं, "बाई, कशी आहे ती?"

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. झोपलीय."

त्या वहिनीची मुलगी आज समोरच्या रांगेत आहे. मघापासून एका जागी बसत नाहीये, पण तो दोष आमच्या घराण्याचा, मोटारीचा नव्हे.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, सर्वांची आभारी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, मोठ्यांबद्दल शब्द अधिकउणा गेला असेल, तर पोटात घाला. आणि काका, काकू, ही मुलगी तुम्हाला हार घालायला कधीची थांबली आहे. तिला आता वर येऊ द्या.