शहापूरचं गटार

ज्या कुणी नकाशात शहापुरातल्या त्या गल्लीचं गटार ‘वाहतं’ म्हणून दाखवलं, त्यानं ते पाहिलंच नव्हतं. मी सांडपाण्याचा नमुना घ्यायला गेलो, तर गटार तुंबून पाणी एका विणकर आक्कांच्या घरात शिरलेलं. मागावर अर्धी साडी होती आणि पाणी मागापर्यंत पोचायच्या आत त्या बादलीनं उपसत होत्या.

“ही बाटली कशाला रं?” त्यांनी विचारलं.

“ह्या पाण्यातल्या विषाणूंची जनुकं तपासली, की साथ यायच्या आधीच कळतं, आक्का.”

त्यांनी दुसरी बादली माझ्याकडं सरकवली. मी बाटली ठेवून उपसायला लागलो.

दारात उभा असलेला गल्लीतलाच एक रिक्षावाला म्हणाला, “गटार तुंबणार हे बी आम्ही पालिकेला आधीच कळवलं व्हतं, सर.”