पापडाच्या बातमीतून बहिणीला निरोप

आमच्या मोठ्या जाऊबाई चॅनेलवर काय बोलल्या, ते तुम्हाला सांगायचंच राहिलं की!

मुलाच्या लग्नात त्या सख्ख्या बहिणीला, अंबडच्या शोभाताईंना, आहेराची साडी द्यायच्या विसरल्या. तेव्हापासून चार महिने शोभाताई फोन उचलत नव्हत्या. जाऊबाईंना घास गोड लागेना.

अशातच आमच्या भोकरदनच्या बचत गटाची बातमी करायला जिल्ह्याच्या चॅनेलचा बातमीदार आला. पापड लाटणाऱ्या जाऊबाईंपुढे त्याने माईक धरला.

"मावशी, पापडाचं काम कसं सुरू झालं?"

जाऊबाईंनी थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"शोभे, बघून राह्यलीस ना? लग्नात माझंच चुकलं. आता फोन उचल."

"मावशी, बातमी पापडाची आहे!"

"मंग पापडाचंच सांगून राह्यले. तिनंच शिकवले मला. ती आल्याबिगर पुढचं न्हाई सांगायची."

मला वाटलं, एवढं बोलणं ते कापून टाकतील. पण बातमी जशीच्या तशी लागली आणि दुसऱ्याच दिवशी शोभाताई दारात हजर!

जाऊबाई रडायच्या बेतात होत्या, तेवढ्यात शोभाताई म्हणाल्या, "सगळ्या जिल्ह्यासमोर बोललीस, ते बराबर केलं. पण बाई, आधी तोंडावरचं पीठ तरी पुसायचं व्हतं!"